आबा, चोपड्याची एसटी आणि इंग्लंडचा म्हातारा

आमच्या आबांच्या मरणाला आबा स्वतः जरा उशिरा पोहोचले. चोपड्याहून येणारी एसटी वाटेत पंक्चर झाली होती. ती वेळेवर आली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, म्हणून आमच्या घरात आजही या सगळ्याचा दोष एसटीला देतात. मी कधी हरकत घेतली नाही. एसटीच्या मागे दुसरा नंबर माझा लागतो.

ऐंशीच्या दशकातलं मधलंच एखादं वर्ष. जळगावात तेव्हा प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी माणसं तीन होती: मी, पारस आणि चौधरी सर. (चौथा एक होता, पण त्याची भुसावळला बदली झाली आणि तिथे तो गझलेला लागला.) पारसच्या वडिलांचं सराफ बाजारात दुकान होतं, म्हणून रेकॉर्ड प्लेअर त्याचा. चौधरी सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून मतं त्यांची. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, पण आमच्या घराची पुढची खोली ऐसपैस होती, म्हणून मला सभासद करून घेतलं होतं.

प्रोग्रेसिव्ह रॉक ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधं रॉक म्हणजे तरुण पोरं गिटार घेऊन ओरडतात. तीच पोरं थोडी शिकली, की ओरडायचं थांबवून विचार करायला लागतात, आणि तो विचार आपल्याला ऐकावा लागतो. एक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू चालतं. आधी वारा वाहतो, मग घंटा वाजते, मग ऑर्गन सुरू होतो, आणि गाणारा तोंड उघडेपर्यंत तुमचा चहा गार झालेला असतो. शब्द कळत नाहीत. कळले तर अर्थ कळत नाही. हे असं मी तेव्हा म्हटलं असतं तर सरांनी मला मंडळातून काढून टाकलं असतं.

कारण मंडळाला नियम होते. रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. चहा प्यायचा नाही. हसायचं तर मुळीच नाही, हसणं हे हलक्या संगीताचं लक्षण. मान खाली, नजर जमिनीवर. दोन बाजूंच्या मध्ये चिंतनासाठी शांतता. दुसरी बाजू संपली की प्रत्येकाने उभं राहून मत मांडायचं. सर बोलायचे, पारस "सरांशी सहमत" म्हणायचा, मी "दोघांशी सहमत" म्हणायचो आणि सभा संपायची. तिघांपैकी कोणाला काय कळलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

त्या एप्रिलमध्ये नवी रेकॉर्ड आली. पारसच्या मावसभावाने मुंबईहून पाठवली होती. लंडनला निघून वर्ष झालं होतं, म्हणजे जळगावच्या मानाने ताजीच. (बँडचं नाव मुद्दाम देत नाही. त्या नावाच्या उच्चारावरून सरांचं आणि भुसावळच्या गझलवाल्याचं जे बिनसलं ते आजपर्यंत जुळलेलं नाही.) रेकॉर्डबरोबर घडी घातलेलं एक मोठं चित्र होतं. धुक्यात, बंद दारासमोर उभा एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा. डोळे मिटलेले. सर म्हणाले, हा म्हातारा म्हणजे संपूर्ण मानवजात आहे. पारस म्हणाला, सरांशी सहमत.

ऐकायचं रविवारी दुपारी ठरलं, आणि इथेच माझा घोटाळा झाला. त्याच रविवारी संध्याकाळी धुळ्याहून नाना येणार होते. नाना म्हणजे सुनंदाचे वडील. सुनंदाला आम्ही पाहून आलो होतो. ती मला आवडली होती आणि मी तिला चालण्यासारखा वाटलो होतो. नाना येऊन लग्नाची तारीख ठरवणार, एवढंच राहिलं होतं. पण शिरपूरचा एक इंजिनिअर मुलगाही त्यांनी पाहून ठेवला होता. त्याच्याकडे स्कूटर होती. माझ्याकडे सायकल आणि मानवजात. नाना शकुनाला फार मानणारे, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, मला बजावलं होतं, "विजू, त्या माणसासमोर काही वेडंवाकडं घडलं ना, तर तो चहासुद्धा न घेता शिरपूर गाठेल." आणि ते दोघं, आई आणि आबा, सकाळीच चोपड्याला बारशाला गेले. दुपारी परत येऊन स्वयंपाकाला लागायचं, असा बेत होता.

मला वाटलं, नाना यायच्या आत दोन्ही बाजू उरकतील.

सरांनी आल्याआल्या खोली रिकामी करायला लावली. लाकडी सामानाने आवाज घुमतो म्हणे. खुर्च्या, टेबल, आबांचा दिवाण, सगळं आतल्या खोलीत गेलं. खाली सतरंजी आणि वर पांढऱ्या चादरी अंथरल्या. एकच खुर्ची ठेवली आणि तिच्यावर तो म्हातारा भिंतीला टेकवून उभा केला. पारस व्यापाऱ्याचा मुलगा. नव्या मालाला हार घातल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नाही. त्याने येताना झेंडूचा हार आणला होता, तो म्हाताऱ्याला घातला. डास फार, म्हणून मी उदबत्त्यांचा एक जुडगा पेटवून खुर्चीपुढे लावला. उकाडा मरणाचा, म्हणून दार सताड उघडं ठेवलं. मग आम्ही तिघं मान खाली घालून बसलो आणि पारसने सुई टेकवली.

वारा वाहिला. घंटा वाजली. ऑर्गन सुरू झाला. आणि मग एका बाईने शब्दांशिवाय टाहो फोडला. (पुढे मला कळलं की या टाहोबद्दल तिकडे फार नाव झालं होतं. इकडेही झालं.)

नेमके त्याच वेळी आमचे शेजारी सुपडूभाऊ रॉकेलचा डबा घेऊन दारावरून चालले होते.

इथे आमच्या खानदेशातली एक रीत सांगायला हवी. कोणाकडे मयत झाली की लोक भेटायला जातात, त्याला आम्ही दारावर जाणं म्हणतो. त्याचे नियम मंडळाच्या नियमांपेक्षा कडक. जायचं, चपला बाहेर काढायच्या, मान खाली घालून सतरंजीवर टेकायचं. बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, कोण गेलं असं विचारायचं नाही! दारावर येऊन बसलात आणि गेलं कोण ते ठाऊक नाही, याच्यासारखी नाचक्की नाही. माहीत नसेल तर गुपचूप बसावं, घरातलं कोण दिसत नाही ते बघावं आणि अंदाज बांधावा.

सुपडूभाऊंनी डबा घरी ठेवला, टोपी घातली, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दोन शब्द टाकले आणि येऊन आमच्या मागे बसले.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मला भरून आलं. दहा वर्षं हा माणूस आमच्या ऑर्गनला "गिरणी चालू झाली" म्हणायचा. आज तो स्वतःहून येऊन मान खाली घालून बसला होता! त्यांच्या मागून किराणावाले आले. मग पलीकडच्या गल्लीतले दोन म्हातारे. मग दालमिलमधले आबांचे जुने सोबती. मग बायका आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पदर घेऊन बसल्या. बाहेर चपलांचा ढीग झाला. मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ज्या माणसाच्या कष्टाचं अखेर चीज झालं त्याचा भाव होता. नियम होता म्हणून बोललो नाही. नाहीतर मी प्रत्येकाचे पाय धरले असते.

पहिली बाजू संपली. आमची चिंतनाची शांतता सुरू झाली. कोणी हललं नाही. दोन-तीन जणांनी उसासे टाकले. असा शिस्तीचा श्रोतृवर्ग लंडनलाही मिळत नसेल, असं मला वाटलं. तिकडे लोक मनातल्या मनात हिशेब करत होते. घरात दिसतोय फक्त विजू. आबा दिसत नाहीत, आई दिसत नाही. पुरुषांनी ठरवलं, आबा गेले. बायकांनी ठरवलं, आई गेली. हार घातलेल्या फोटोतल्या दाढीवाल्याचं कोडं मात्र कोणाला सुटेना. आबांना दाढी नव्हती, आईला तर नव्हतीच. शेवटी एका म्हाताऱ्याने तो आजोबांचा फोटो धरला आणि गेलेल्याचा फोटो घाईत सापडला नसेल, असं समजून घेतलं.

पारसने दुसरी बाजू लावली. आणि दारात रिक्षा थांबली. नाना एक बस आधीच आले होते.

नाना दारात उभे राहिले. चपलांचा ढीग, पांढऱ्या चादरी, उदबत्त्या, हार. त्यांनी हातातला पेढ्यांचा पुडा पिशवीत तळाशी सरकवला, चपला काढल्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसले. मला घाम फुटायला हवा होता. पण मी इतका हवेत होतो की मला वाटलं, माझे होणारे सासरेसुद्धा प्रोग्रेसिव्ह निघाले! मी त्यांच्याकडे पाहून गंभीरपणे मान डोलावली. त्यांनीही डोलावली. त्यांच्या मनात त्या क्षणी शिरपूरची गाडी किती वाजता आहे हे चाललं होतं, असं त्यांनीच पुढे मला सांगितलं. ज्या घरात मरण झालं तिथे वर्षभर मंगलकार्य नाही, आणि स्कूटरवाला वर्षभर थांबणार नव्हता.

यानंतर पाचेक मिनिटांनी आई आणि आबा आले.

चपला बघून आई घाबरली आणि काय झालं म्हणून ओरडणार, तेवढ्यात आबांनी तिला दटावलं, "विचारू नको. आधी बस." आबा रीतीला पक्के. स्वतःच्या घरी झालं तरी दारावर विचारायचं नाही म्हणजे नाही. आई मागच्या दाराने बायकांत जाऊन बसली. (ती गेली असं समजून बसलेल्या बायकांनी तिला मुकाट्याने जागा करून दिली आणि आपला अंदाज आबांवर नेला.) आबांनी टोपी काढली आणि सगळ्यात मागे, रिकामी जागा दिसली तिथे टेकले. शेजारी कोण आहे ते दोघांनीही एकाच वेळी पाहिलं.

"आबा, तुम्ही?" नाना कुजबुजले.

"हो. कोण गेलं?" रीत मोडून आबांनी विचारलं. व्याह्याला विचारायला हरकत नव्हती.

"मला वाटलं तुम्ही."

आबांनी जरा विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "मी चोपड्याला होतो."

मग ते दोघंही समोर बघत बसले. आबा घरातली माणसं मोजत होते. मी समोर बसलेला दिसत होतो, आई बरोबरच आली होती, आणि घरात चौथं कोणी नव्हतं. तरीही आपल्या घरात कोणीतरी गेलं आहे, एवढी माणसं उगाच का बसतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आबांचा स्वतःपेक्षा गल्लीवर जास्त विश्वास होता.

रेकॉर्ड संपली. सर उठले. म्हणाले, आज आपण सगळे इतक्या संख्येने आलात, शब्दच नाहीत. पण आपल्या प्रथेप्रमाणे प्रत्येकाने दोन शब्द बोलावेत. सुरुवात वडीलधाऱ्यांनी करावी. आणि त्यांनी सुपडूभाऊंकडे हात केला.

सुपडूभाऊ उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"मी काय बोलू, भाऊ. देवमानूस व्हता. बठ्ठी गल्लीना आधार व्हता. कोनाच्या अध्यात नही, मध्यात नही."

सरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. चित्रातल्या म्हाताऱ्याचा असा अर्थ त्यांनाही सुचला नव्हता.

"कोनी काही मांगं, तर नही म्हननं नही," सुपडूभाऊंचा आवाज कापायला लागला. "आबासारखा मानूस पुन्हा भेटनार नही."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. खोलीत सगळ्यांनी मान हलवली. बायकांमधून एक हुंदका आला. आणि मागच्या भिंतीपासून शांत आवाज आला.

"सुपडू, दिवाळीला माझी शिडी नेली होतीस. ती आणून दे."

खोली वळली. सुपडूभाऊंनी टोपी पुन्हा काढली.

"आबा, तुम्ही शेतस?"

"शे, जित्ता शे," आबा म्हणाले.

यावर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. दारावर गेल्यावर गेलेला माणूस मागे बसलेला निघाला तर त्यासाठी आमच्याकडे रीत नाही. कोणी उठेना. रेकॉर्ड संपून सुई कर्रकर्र करत होती, ती उचलायचं पारसला सुचेना. शेवटी आई उठली, तडक खुर्चीपाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून तिने तो प्रश्न विचारला जो विचारायची हिंमत एवढ्या बाप्यांपैकी एकात नव्हती.

"मग हा मेला कोण?"

मी उठून सांगायचा प्रयत्न केला. हे इंग्लंडचं चित्र आहे. रेकॉर्डबरोबर आलं. ही मयत नाही, हे संगीत आहे. सर मदतीला धावले आणि म्हणाले, हा म्हातारा म्हणजे संपूर्ण मानवजात आहे. त्यामुळे किराणावाल्यांचा समज असा झाला की मेला आहे नक्की, पण बराच लांबचा आहे.

"इंग्लंडमधला मानूस गया," सुपडूभाऊ सावकाश म्हणाले, "आनि मी दुपारना भर उन्हात टोपी घालीसन उनू?"

त्यातून आंघोळीचा प्रश्न निघाला. दारावरून आलं की घरी शिरण्याआधी आंघोळ करायची. पण कोणी मेलंच नाही तर आंघोळ कशाची? एक म्हातारा म्हणाला, मेलं नाही हे खरं, पण आपण बसलो होतो हेही खरं. दुसऱ्याचं म्हणणं, मी रडलोही आहे. अंगणात दोन तट पडले. चौधरी सरांनी मध्ये पडून, हा मृत्यू संकल्पनात्मक असल्यामुळे आंघोळही संकल्पनात्मक पुरेल, असा निकाल दिला. तो कोणी मानला नाही. त्या दिवशी नळाला पाणी यायचं नव्हतं, म्हणून अखेर पाय धुण्यावर तडजोड झाली.

या सगळ्यात नाना भिंतीपाशी तसेच बसलेले. वेडंवाकडं घडू देऊ नको म्हणून बजावलं होतं, आणि मी त्या माणसाला मुलीच्या सासरी येताच व्याह्याच्या सुतकात बसवलं होतं. शिरपूरची स्कूटर मला फुर्रकन निघताना ऐकू येत होती. आबांनी हात जोडले. म्हणाले, नाना, पोरगं जरा असंच आहे, पण नोकरी पक्की आहे.

नानांनी आधी पाय धुतले. मग पाणी मागितलं. मग बाहेर चपला शोधत असलेल्या, एकमेकांवर डाफरणाऱ्या गल्लीकडे बघत म्हणाले:

"कोण गेलं ते एकालाही माहीत नव्हतं?"

"नाही," आबा ओशाळून म्हणाले.

"आणि तरी एवढी माणसं भर उन्हात येऊन बसली." नानांनी पिशवीत हात घालून तळाचा पुडा वर काढला. "आमच्या गल्लीत नाव विचारून येतात. मुलगी द्यायला या घराला हरकत नाही."

पेढे दाबले गेले होते, पण गोड होते. बाहेरच्यांनाही वाटले. मयतीच्या घरून पेढा कसा घ्यायचा म्हणून सुपडूभाऊंनी जरा आढेवेढे घेतले आणि मग दोन घेतले. माझ्याबद्दल नाना काहीच बोलले नाहीत. लग्न माझ्यामुळे जमलं असा दावा मी आजवर केलेला नाही. ते गल्लीमुळे जमलं, मी फक्त रेकॉर्ड लावली होती.

पुढच्या वर्षी सुपडूभाऊंची म्हातारी आई खरोखरच गेली. तिसऱ्या दिवशी ते दारात आले. जरा घुटमळले आणि म्हणाले, ती आबांची वाली कॅसेट देशील का. (पारसने रेकॉर्डवरून कॅसेट करून दिली होती.) लोक नुसते बसतात, रडू येत नाही, म्हणाले. मी दिली. त्यानंतर ती कॅसेट माझ्याकडे फारशी राहिलीच नाही. या दारावरून त्या दारावर जायची. आमच्या मंडळाला दहा वर्षांत जे जमलं नाही ते झालं, गल्लीत प्रोग्रेसिव्ह रॉक रुजलं. आणि मतंही येऊ लागली, अगदी न मागता. अमक्याच्या वेळी पहिली बाजू लावली होती, ती अंगावर येते. मध्ये ढोल आहेत तिथे जरा लांबतं. दुसरी बाजू आटोपशीर. ती बाई मात्र पैसा वसूल करते. मंडळात कधी कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

त्याच बँडची पुढची रेकॉर्ड आली तेव्हा आम्ही सुपडूभाऊंना आवर्जून बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू मान खाली घालून ऐकल्या. सर आशेने त्यांच्याकडे बघत होते.

"पहिलासारखं दुःख राह्यनं नही," ते टोपी घालत म्हणाले. "पैसाना मागे लागनात."

काही महिन्यांनी मुंबईहून आलेल्या एका इंग्रजी मासिकात सरांनी याच रेकॉर्डचं परीक्षण वाचलं. दोन पानं होती. मतलब हाच.

सुनंदाने ती जुनी कॅसेट आता कपाटात, माझ्या कागदपत्रांच्या फाइलीखाली ठेवली आहे. कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि रीत म्हणून मीही विचारलं नाही. पण परवा न राहवून मी म्हटलं, की वेळ आली तर निदान पहिली बाजू लाव, ती मला आवडते.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरीच लावू. पहिली संपेपर्यंत तुमच्यासाठी कोण बसणार?"